रोज बसने जावं की रेल्वेने? आधी दहा-दहा दिवसांची वही भरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी नोकरी लागली आहे, घरापासून ऑफिस साधारण २२ किलोमीटर. चार मिनिटांवर बसथांबा आहे आणि तिथून ऑफिसच्या दारापर्यंत थेट बस, दर पंधरा मिनिटांनी. रेल्वेने जायचं तर स्टेशनपर्यंत चौदा मिनिटं चालायचं, गाडीत ३२ मिनिटं, आणि उतरल्यावर ऑफिस आणखी दीड किलोमीटर. ते अंतर चालत जा, नाहीतर फीडर बस, म्हणजे स्टेशनापासून आसपास नेणारी जोड-बस, पकडा. साडेनऊला हजेरी. संध्याकाळची परतीची बस ऑफिसजवळच्याच स्थानकातून सुटते. ऑफिसातले सगळे म्हणतात रेल्वेच घ्या, तुमचं मन मात्र थेट बसकडे ओढतंय, कारण एकदा बसलं की उतरेपर्यंत धावाधाव नाही.

मी वीसेक वर्षं बसची वेळापत्रकं आखण्याचं काम केलं, त्यातली बरीच वर्षं स्टेशनांना जोडणाऱ्या फेऱ्यांवर. बसवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून ठेवते. तरी तुमच्या सकाळसाठी मी रेल्वे सुचवेन आणि संध्याकाळसाठी बस. यामागचा हिशेब सविस्तर मांडते, कारण तुमच्या मार्गावरची परिस्थिती मी धरली आहे त्याहून वेगळी निघाली तर उत्तरही बदलेल, आणि तेव्हा तो हिशेब तुमचा तुम्हाला करता यायला हवा.

बहुतेक जण दोन्हींची तुलना सरासरी वेळेवर करतात. बसने सव्वा तास, रेल्वेनेही सव्वा तास, मग जे सोयीचं ते घ्यावं. पण साडेनऊची हजेरी सरासरी बघत नाही. सरासरी धरून घरातून निघालात तर कितीतरी दिवस उशीर ठरलेलाच. म्हणून माणूस महिन्याभरात न ठरवताच वाईट दिवस धरून निघायला लागतो. तो वाईट दिवस किती वाईट, यावर तुमचा रोजचा गजर ठरतो.

आकड्यांत बघू. समजा तुम्ही दहा दिवस बसने गेलात, घराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंतची मिनिटं वहीत लिहिली आणि नंतर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडली: ७१, ७४, ७६, ७८, ७९, ८२, ८४, ८८, ९७, १०९. मग दहा दिवस रेल्वेने: ७६, ७७, ७८, ७८, ७९, ७९, ८०, ८१, ८३, १०४. सरासरी काढली तर बसची जेमतेम ८४, रेल्वेची साडेएक्याऐंशी. दोन-सव्वादोन मिनिटांसाठी कोण एवढं चालेल, असंच वाटेल. आता दोन्ही रांगांतला नववा आकडा बघा. बस ९७, रेल्वे ८३. दहातले नऊ दिवस वेळेवर पोहोचायचं असेल तर बससाठी ७ वाजून ५३ मिनिटांनी घर सोडावं लागेल, रेल्वेसाठी ८ वाजून ७ मिनिटांनी. चौदा मिनिटांचा फरक. महिन्याचे बावीस दिवस धरले तर पाच तासांहून जास्त, आणि तेही फक्त सकाळचे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण गर्दीच्या वेळी त्यांची ठेवण अशीच दिसते. बसचे आकडे सगळीकडे पसरलेले, रेल्वेचे एका ठिकाणी गोळा झालेले आणि एखादाच लांब उडालेला. त्या १०४ कडे पुढे येते.

बसचे आकडे असे का पसरतात, हे मी पहिल्यांदा पुस्तकात वाचलं नाही, बसमध्ये बसून पाहिलं. नोकरीच्या सुरुवातीला हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर पॅड घेऊन एका गर्दीच्या मार्गावर दिवसदिवस फिरत असे. एका सकाळी आमची गाडी आगारातून अगदी वेळेवर सुटली. चौथ्या थांब्यावर एक बाई कडेवर बाळ, दुसऱ्या हातात पिशवी अशा चढल्या. त्या नीट बसेपर्यंत चालकाने गाडी हलवली नाही, आणि ते योग्यच केलं. त्यात चाळीसेक सेकंद गेले. तेवढ्यात पुढचा सिग्नल लाल झाला, आणखी दीड मिनिट. पुढच्या थांब्यावर त्या वेळी सहा माणसं असायची, आज नऊ होती, कारण आम्ही येईपर्यंत आणखी तिघं येऊन उभी राहिली होती. एका माणसाला चढायला दोन-तीन सेकंद, पायरीवर गर्दी असली की जास्त. त्याच्या पुढच्या थांब्यावर बारा जण. आमच्या मागची बस मात्र आम्ही नुकतेच रिकामे केलेले थांबे घेत भराभर येत होती. अकराव्या थांब्यावर ती चालकाच्या आरशात दिसली. पंधराव्या थांब्यावर दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या होत्या, आमची दारापर्यंत भरलेली आणि तिच्यात निम्म्या जागा मोकळ्या. थांब्यावर एक गृहस्थ आमच्या वाहकावर चिडले, अर्धा तास गाडी नाही आणि आता दोन-दोन कशा. वाहक बिचारा काय सांगणार? चूक कुणाचीच नव्हती.

गॉर्डन न्यूवेल आणि रेन्फ्री पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणिताने मांडून दाखवलं होतं. बसला झालेला लहानसा उशीर आपोआप भरून निघत नाही, उलट थांब्यागणिक वाढत जातो, आणि मागची बस पुढचीला येऊन मिळते. त्याला उपाय आहेत. मधल्या ठरावीक थांब्यांवर गाडी रोखून धरतात, फेरीत राखीव मिनिटं ठेवतात, मागची गाडी पुढे काढतात. आम्ही हे सगळं केलं. फरक पडतो, पण रस्ता इतर वाहनांसोबत वाटून घ्यायचा असेल तोवर रोग मुळातून जात नाही.

याचा तुमच्या थांब्यावर काय परिणाम होतो ते बघा. ‘दर पंधरा मिनिटांनी बस’ म्हटलं की आपण मनात धरतो, सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल. समजा बस एकदा पाच मिनिटांच्या अंतराने आली आणि पुढची पंचवीस मिनिटांच्या. सरासरी अंतर पंधराच राहिलं, कागदावर वेळापत्रक पाळलं गेलं. पण घड्याळ न बघता थांब्यावर येणाऱ्या सहा माणसांपैकी पाच जण त्या पंचवीस मिनिटांच्या खिंडीत सापडतात, कारण ती खिंडच मोठी आहे. सगळ्यांचं सरासरी थांबणं जवळपास अकरा मिनिटं होतं. दोन बस अगदी जोडीनेच आल्या तर पंधरा. शिवाय लांब खिंडीनंतर येणारी गाडी भरलेली असते, म्हणजे जास्त थांबलेल्या माणसालाच उभं राहून जावं लागतं. प्रवाशांची तक्रार आणि कार्यालयातला अहवाल यांचा मेळ बसत नाही तो याच ठिकाणी. अहवाल गाड्या मोजतो, प्रवासी मिनिटं मोजतो. आणि थांब्यावरचं मिनिट गाडीतल्या मिनिटाहून जड असतं. वाहतूक नियोजनात वाट पाहण्याचं एक मिनिट साधारण दीड ते अडीच मिनिटांच्या प्रवासाइतकं धरतात, आणि माझ्या अनुभवाला ते पटतं.

बस नेमकी कुठे आहे हे मोबाइलवर दिसत असेल तर घरातच थांबा, हे ओझं पुष्कळ हलकं होतं. फक्त एक तपासा: पडद्यावरची वेळ गाडीच्या जागेवरून काढलेली आहे की नुसतं छापील वेळापत्रक दाखवलंय. बसची खूण नकाशावर सरकताना दिसली पाहिजे.

आता रेल्वे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं, घर्षण फार कमी. म्हणून एवढा बोजा थोड्या शक्तीत ओढला जातो, आणि म्हणूनच गाडी चटकन थांबवता येत नाही. त्यामुळे रुळांचे तुकडे पाडून, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी अशी सिग्नलची शिस्त बसवावी लागली. या शिस्तीमुळे दोन गाड्यांमधलं अंतर सहसा टिकतं. रूळ तिचा स्वतःचा असतो, वाटेत उजवीकडे वळणारी मोटार नाही, रस्त्यात उभा केलेला टेम्पो नाही. तिकीट आधीच काढलेलं असतं, अनेक दारांतून एकदम चढउतार होते, त्यामुळे फलाटावर दहा माणसं जास्त असली तरी थांबण्याच्या वेळेत काही सेकंदांचाच फरक पडतो. आमच्या बसला ज्या तीन माणसांनी मागे पाडलं, ती रेल्वेला जाणवतही नाहीत.

पण त्याच शिस्तीची दुसरी बाजूही आहे. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा अडकला, वरची विजेची तार तुटली, रुळांवर पाणी आलं की मागच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. बसचालक शेजारच्या गल्लीतून वाट काढतो, मोटरमन काढू शकत नाही. रेल्वे क्वचित आजारी पडते, पण पडली की अंथरूण धरते. आपल्या रांगेतला १०४ तो हाच. त्या दिवसासाठी बसचा मार्ग माहीत असणं ही तुमची जमेची बाजू आहे, अनेकांकडे ती नसते. मी स्वतः एक नियम पाळते: फलाटावर नेहमीच्या अंतराच्या दुप्पट वेळ गाडी आली नाही आणि घोषणा गोलमाल असेल, तर उठून बसकडे चालू लागायचं. आणखी दहा मिनिटांनी तोच विचार अख्खा फलाट करतो, आणि मग बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही.

तुमचं मन थेट बसकडे ओढतंय ते मात्र उगाच नाही. गाडी बदलणं खरंच त्रासाचं असतं, आणि याचा अभ्यासही झाला आहे. न्यू जर्सीतल्या काही उपनगरांतून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जाणाऱ्यांना पूर्वी होबोकेनला उतरून दुसरी गाडी घ्यावी लागे. १९९६ मध्ये थेट गाड्या सुरू झाल्या. रिचर्ड वेनर, गॅरी इव्हान्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी त्या प्रवाशांचा अभ्यास केला, तेव्हा थेट गाडीकडे वळलेल्यांवरचा ताण कमी झालेला आढळला. त्याच गटाने २००२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: प्रवासाचा भरवसा जितका कमी, तितका प्रवाशांवरचा ताण जास्त. म्हणजे दोन गोष्टी माणसाला थकवतात, गाडी बदलणं आणि भरवसा नसणं. तुमच्या बसमध्ये पहिली नाही पण दुसरी आहे. रेल्वेत दुसरी कमी, पण पहिली येऊ शकते. ‘येऊ शकते’ म्हणते, कारण ती टाळणं तुमच्या हातात आहे.

कसं ते सांगते. फीडर बस घेऊ नका, शेवटचा दीड किलोमीटर चाला.

हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण फीडर बस आखणं हेच माझं काम होतं. पण एक प्रसंग विसरता येत नाही. एका स्टेशनाबाहेरून सुटणाऱ्या आमच्या फेरीची वेळ गाडी येण्याच्या वेळेनंतर एका मिनिटाची ठेवली होती. कागदावर जोडणी सुरेख दिसत होती. प्रत्यक्ष जाऊन उभी राहिले तर गाडीतून उतरलेली माणसं जिना धावत चढतायत, पूल धावत ओलांडतायत, आणि बाहेर येतात तेव्हा बस नुकती वळणावर गेलेली. एक वयस्कर गृहस्थ रोज पळत येत आणि रोज कठड्याला धरून दम घेत उभे राहत. शेवटच्या डब्यातून बस थांब्यापर्यंत मी स्वतः नेहमीच्या चालीने चालून पाहिलं, सव्वाचार मिनिटं लागली. महिनाभर पाठपुरावा करून फेरी पाच मिनिटं पुढे ढकलून घेतली. त्यानंतर कुणी धावेना. ती पाच मिनिटं मिळवायला एवढा वेळ का लागला, याचं मला अजूनही दुःख आहे. तुमच्या इथे कुणी असं चालून पाहिलंय की नाही, ते तुम्हाला माहीत नाही. दहातले नऊ दिवस रेल्वे वेळेवर आणि दहातले नऊ दिवस फीडर वेळेवर असली, तरी दोन्ही साधण्याचे दिवस शंभरातले एक्क्याऐंशीच राहतात. चालण्याला असा गुणाकार लागत नाही. दीड किलोमीटर म्हणजे अठरा-वीस मिनिटं, रोज तेवढीच.

अर्थात सकाळी चौदा आणि वीस मिळून चौतीस मिनिटं चालणं ही लहान गोष्ट नाही. नियोजनात साधारण असं धरतात की बससाठी माणूस चारेकशे मीटर चालेल, रेल्वेसाठी आठशे. तुमची दोन्ही टोकं त्याच्या पलीकडची आहेत. गुडघे दुखत असतील, रोज लॅपटॉपसोबत आणखी वजन न्यायचं असेल, मूल पाळणाघरात सोडत जायचं असेल, अंधारातला रस्ता सुनसान असेल, तर माझा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि बस घ्या, काहीही वाईट वाटून न घेता. घराकडच्या टोकाला सायकल ठेवायची सोय असेल तर तीही बघा, चौदाची पाच होतात.

गर्दीबद्दल लोक फार बोलतात, पण चुकीच्या गोष्टीवर. इव्हान्स आणि वेनर यांनीच २००७ मध्ये रेल्वे प्रवाशांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं की अख्खा डबा किती भरला आहे याचा ताणाशी फारसा संबंध लागत नाही, आपल्या बाकावर लगेच शेजारी किती माणसं आहेत याचा लागतो. म्हणून डबा निवडा. जिन्यासमोरचे डबे नेहमी ठासून भरलेले असतात, कारण धावत आलेला माणूस समोर दिसेल त्यात शिरतो. तुम्ही फलाटावर चार मिनिटं आधी पोहोचणार असाल तर शंभर पावलं पुढे चाला. उतरताना जिना लांब पडेल, पण दोन मिनिटं उशिरा का होईना, अंग चोरून उभं राहावं लागणार नाही.

प्रवासात वाचायचं असेल, अभ्यास करायचा असेल, तर रेल्वेच. बसमध्ये डोळे स्थिर पानावर असतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव मात्र सांगत असतो की आपण हलतोय, डुलतोय, ब्रेक लागतोय. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून मळमळतं. बसमध्ये झोपा, गाणी ऐका, खिडकीतून लांब बघा, आणि शक्यतो दोन्ही चाकांच्या मधल्या भागात बसा. मागच्या चाकावर आणि त्याच्याही मागे हिसके सगळ्यात जास्त लागतात.

एक गोष्ट तुमच्या मार्गावर जाऊन तपासायलाच हवी: बसला स्वतःची मार्गिका आहे का? असेल तर वर लिहिलेलं बरंचसं उलटं होतं. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बसला रस्त्याचा स्वतंत्र भाग दिला. १९९१ पासून तिथे नळीसारख्या थांब्यांत तिकीट आधीच घेऊन, फलाटाच्या उंचीवरून सरळ आत शिरायची सोय केली. म्हणजे रेल्वेचे जे गुण मी वर सांगितले, स्वतःची वाट, आधी तिकीट, पटापट चढउतार, तेच बसला दिले. कोलंबियातल्या बोगोता शहराने २००० साली ट्रान्समिलेनियो ही बससेवा सुरू केली ती याच धाटणीवर. अशी मार्गिका तुमच्या बावीसपैकी पंधरा किलोमीटर जरी असेल आणि तिच्यात इतर वाहनं खरोखर घुसत नसतील, तर थेट बस घ्या, मी दुसरा शब्द बोलणार नाही. रंगवलेली पट्टी आणि राखलेली मार्गिका यांत फरक आहे, एवढं गर्दीच्या वेळी उभं राहून बघा.

संध्याकाळ वेगळी मोजा. घरी साडेनऊसारखी हजेरी नसते, त्यामुळे वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. तुमची बस ऑफिसजवळच्या स्थानकातूनच सुटते, म्हणजे बसायला जागा जवळपास नक्की. पहिल्याच थांब्यावर मागची बस पुढचीला अजून येऊन मिळालेली नसते, त्यामुळे बस बरीचशी वेळेवर सुटते. दिवसभराच्या कामानंतर वीस मिनिटं चालून, भरलेल्या फलाटावर उभं राहून, उभ्यानेच प्रवास करून पुन्हा चौदा मिनिटं चालण्यापेक्षा नव्वद मिनिटं बसून, डोळे मिटून घरापाशी उतरणं मला जास्त सुखाचं वाटतं. संध्याकाळी ठरावीक वेळेला मूल घ्यायचं असेल किंवा वर्ग असेल, तर मात्र परत रेल्वेचाच हिशेब लागू होतो. शेवटची बस किती वाजता सुटते हेही पाहून ठेवा, काम लांबलं की ती माहिती लागते.

सकाळी एक, संध्याकाळी दुसरं असं केलं की पासाचा प्रश्न येतो. दोन्ही पास काढू नका, आधी भागाकार करा. पासाची रक्कम भागिले एकेरी तिकीट, म्हणजे किती फेऱ्यांनी पास वसूल होतो ते कळतं. तुमच्या प्रत्येक वाहनाच्या महिन्याला बावीसच फेऱ्या होणार. पास तीस फेऱ्यांनी वसूल होत असेल तर रोजचं तिकीटच स्वस्त. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असेल तर बावीसच्याही तेरा-चौदा होतात. दोन्हीकडे चालणारं एकच कार्ड असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं माझ्यावर विसंबून ठरवू नका. सवय फार बळकट असते. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद राहिली आणि लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. लार्कम, राउख आणि विलम्स या संशोधकांनी प्रवाशांच्या कार्डांची नोंद तपासली. संप मिटल्यावर सगळे जुन्या वाटेवर परतायला हवे होते, पण नियमित प्रवाशांपैकी साधारण पाच टक्के नव्या वाटेवरच राहिले. वर्षानुवर्षं रोज जाणाऱ्या माणसांना याहून बरी वाट आहे हे माहीतच नव्हतं. जिथे रेल्वेच्या नकाशात अंतरं जास्त वाकवून दाखवली आहेत, त्या भागांत असे लोक अधिक निघाले. म्हणजे नकाशानेही फसवलं होतं.

म्हणून वही करा. दोन आठवडे बस, दोन आठवडे रेल्वे. रोज तीनच वेळा लिहा: घर सोडलं, गाडीत पाय ठेवला, खुर्चीत बसलो. शेजारी एक शब्द, जागा मिळाली की उभ्याने. सगळे दिवस नेहमीच्याच वेळी निघा, मोजायचंय म्हणून लवकर निघालात तर वही खोटी होते. ज्या दिवशी फार उशीर झाला तो दिवस ‘आज अपवाद होता’ म्हणून खोडू नका. तो अपवादच आपल्याला हवा आहे. शेवटी दोन्ही रांगा लावा आणि नववा आकडा बघा. फरक पाच मिनिटांच्या आत असेल तर जिथे बसायला मिळतं ते घ्या. दहाच्या वर असेल तर सकाळची रेल्वे.

आणि शाळांना सुट्ट्या असताना मोजू नका. त्या दिवसांत रस्ते मोकळे असतात, बस अगदी शहाण्यासारखी वागते. सध्या सुट्ट्याच असतील तर रेल्वेचे दहा दिवस आता करून घ्या आणि बसची पानं शाळा सुरू होईपर्यंत कोरी ठेवा.